सावडीचा बैल आणि चोरीचे चार खूर

पांढऱ्या बैलाचा तो गुन्हा अप्पांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. दरोडे, घरफोड्या, मारामाऱ्या यांतले पुष्कळसे ते म्हातारपणी विसरले. पण त्या बैलाच्या शिंगांना कोणता रंग दिला होता हे ते विचारल्याबरोबर सांगत. एक शिंग हुरमुजी, म्हणजे तांबडे, आणि एक निळे.

अप्पा म्हणजे माझे वडील, तुमचे पणजोबा. निजामाच्या राज्यात, आपल्या बीड जिल्ह्यात, ते अमीन होते. ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला तेव्हा अमीन म्हणत. पेन्शनीत आल्यावर ते ओसरीवर बसून एकेक गुन्हा सांगत, पण नाव कुणाचेच घेत नसत. गुन्हा मिटला की नावही मिटवायचे, असा त्यांचा नियम होता. मीही तो पाळते.

आज हे लिहायला बसले ते तुमच्या पत्रांमुळे. थोरल्याने कायद्यातले लॅटिन शब्द पाठवले आणि विचारले, आजी, यांना मराठीत काय म्हणायचे? धाकटीने व्यापारशास्त्रातले पाठवले. मी तुमच्या आजोबांच्या कपाटातून इंग्रजी कायद्याचा जाडजूड शब्दकोश काढला. ते वकील, ते कोर्टात गेले की दुपारी मी तो वाचत असे. तुमच्या बहुतेक शब्दांना मराठी सापडले. उलट आपल्या एका शब्दाला त्या जाड पुस्तकात इंग्रजीही सापडेना आणि लॅटिनही. तो शब्द म्हणजे सावड. अप्पांचा तो गुन्हा सगळा याच सावडीचा होता. म्हणून आधी तो सांगते. तुमचे शब्द वाटेत येतील तसे उलगडत जाईन.

आधी सावड म्हणजे काय ते. औताला बैल दोन लागतात. ज्याच्याकडे एकच असतो तो दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी जोडी जमवतो. दोन दिवस दोन्ही बैल याच्या रानात, दोन दिवस त्याच्या. ज्याची पाळी, त्याच्या गोठ्यात दोन्ही बैल राहायचे, आणि वैरणपाणीही त्यानेच करायचे. त्या गावात ही सावड गुढीपाडव्याला ठरे. सकाळी आपला बैल नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधला की पुढच्या पाडव्यापर्यंत बोलायचे काम नाही. कागद नाही, साक्षीदार नाही.

गाव मांजरसुंब्याचा घाट चढून वर गेल्यावर, बालाघाटाच्या माळावर. तिथे एक विधवा बाई आपले रान स्वतः कसत असे. तिचा बैल तांबडा. शेजारच्या शेतकऱ्याचा बैल पांढरा. तो तिला वैनी म्हणे, ती त्याला भावजी. त्यांची सावड बरीच वर्षे चालत आलेली होती.

भादवा संपत आला होता. ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली. अशात हा शेजारी एका सकाळी ठाण्यात आला आणि त्याने इत्तिला दिली, म्हणजे फिर्याद नोंदवली. रात्रीतून आपला पांढरा बैल चोरीला गेला आहे आणि शक वैनीवर आहे. अप्पांनी विचारले, तुमची सावड आहे ना? तो म्हणाला, होती. पोळ्याला जोडी बरोबर मिरवली आणि त्याच संध्याकाळी भांडण होऊन सावड फुटली. तेव्हापासून बैल आपल्याच गोठ्यात आहे, तिच्या दावणीला गेलेला नाही.

रोजनामच्यात नोंद झाली. जमादार दोन जवान घेऊन गावात गेला. मागून अप्पाही घोड्यावर गेले आणि त्यांनी जागेचा पंचनामा केला. शेजाऱ्याच्या गोठ्याचे दावे सोडलेले होते, तोडलेले नव्हते. बाईच्या घराशेजारी नुसत्या मातीचा ढिगारा दिसला, आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या मागे, ताज्या छपराचा नवा गोठा. अप्पांनी विचारल्यावर पोलीस पाटील म्हणाला की पोळ्यानंतरच्या झडीत तिची गोठ्याची भिंत बसली, म्हणून तिने तिकडे कूड घालून हा उभा केला. अप्पांनी तेही पंचनाम्यात लिहिले. उपयोगाचे काय आणि निरुपयोगी काय हे गुन्हा उकलल्यावर कळते, आधी नाही, असे ते म्हणत.

गोठ्यात तांबडा एकटा होता. पांढऱ्याबद्दल बाई काहीच बोलेना. गावही बोलेना. शेजारी पाटलाचा साडू होता. अशा वेळी गावाला सगळे ठाऊक असते आणि कुणी काही पाहिलेले नसते.

सुगावा लागला तो एका गाडीवानाकडून. घाट चढून आलेला तो माणूस ठाण्याच्या आडावर बैलांना पाणी पाजत होता. जमादाराला कुणाशीही बोलत बसायची खोड होती, आणि अप्पा सांगत की त्याच्या त्या खोडीने जेवढे गुन्हे उघडले तेवढे छडीने उघडले नाहीत. बोलता बोलता गाडीवान म्हणाला की खाली दरीतल्या वस्तीवर एक देखणा पांढरा बैल पाहिला, शिंगे दोन रंगांची, गळ्यात घुंगरमाळ. वस्ती कुणाची, तर बाईच्या भावाची.

बैल तिथेच सापडला. भावाने लपवालपवी केली नाही. बहिणीने आणून बांधला, पेरणीला घेऊन जाणार आहे, एवढेच तो म्हणाला.

आता थोरल्या, तुझा पहिला शब्द. प्राइमा फेसी म्हणजे प्रथमदर्शनी. वरवर पाहिले तर काय दिसते? फिर्यादीचा बैल, आरोपीच्या भावाच्या दावणीला. प्रथमदर्शनी चोरी उभी होती. जमादार म्हणाला की साहेब, चालान लिहून टाकू, दुपारी जेवायला घरी जाता येईल. चालान म्हणजे आरोपपत्र. ते तहसीलदारांपुढे गेले असते आणि बाई तुरुंगात गेली असती. तिचे रान त्या साली पडीक राहिले असते आणि चोर हा शब्द तिच्या नावाला जन्मभर चिकटला असता.

अप्पांनी चालान लिहिले नाही. त्यांना ती घुंगरमाळ खुपत होती. जनावर चोरणारा सर्वांत आधी गळ्यातले काढून फेकतो. इथे माळ तशीच, शिंगांना तेल लावलेले, पुढ्यात कडब्याची पेंढी. चोरीच्या बैलाची अशी बडदास्त कुणी ठेवत नाही.

बाईला ठाण्यात आणले. बायकांसाठी वेगळी हवालात नव्हती, म्हणून अप्पांनी तिला जमादाराच्या घरी, त्याच्या बायकोपाशी बसवले. तिथे तिला रिकामे बसवेना. जमादारणीचे सूप ओढून घेऊन तिने सगळी ज्वारी पाखडून दिली आणि हे असले खडे तुमी खाताच कसे, म्हणून वर तिलाच बोलून घेतले. जमादार हसत हसत अप्पांना सांगायला आला, "मुलजिमा है साहेब, लेकिन मेरे घर की थानेदार हो गई." मुलजिमा म्हणजे आरोपी बाई.

मग चौकशी सुरू झाली. अप्पा चौकशीत आवाज चढवत नसत. समोरच्याला आधी पाणी द्यायचे आणि आपणही प्यायचे, मग विचारायचे.

"बैल तू नेलास?"

"नेला की."

"न विचारता?"

"पाळीच्या दिशी कोन इचारतंय साहेब? माझी पाळी व्हती. मी दावं सोडलं, आन नेला."

"मग दरीत नेऊन कशाला ठेवलास?"

तिने पदराने तोंड पुसले. मग सांगितले. भावजीने पांढरा विकायला काढला होता. परळीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या पांढऱ्याला जोड हवी होती; तो दोन दिवसांत बैल न्यायला येणार होता. भावजीला पेरणीपुरती सासऱ्याची जोडी मिळणार होती. त्याचे भागले असते. पण पेरणीच्या तोंडावर एकटा तांबडा घेऊन ती काय करणार होती?

"सावड फुटली म्हणतो तो. पोळ्यालाच."

"पोळ्याला सावड फुटत असती का? पाडव्याचा बैल पाडव्यालाच सुटतो. पेरनी झाली की मी सोता नेऊन बांदते त्याच्या दारात. जेल करायची तर तवा करा साहेब. रान पेरल्याबिगर मी कुटं यीत न्हाई."

"घुंगरमाळ का नाही काढलीस? आवाज होतो."

तिने अप्पांकडे असे पाहिले की, अप्पा म्हणत, अमीन असून त्यांना ओशाळल्यासारखे झाले. "कावून काढायची? पाळीचा बैल हाय. चोरीचा हाय व्हय?"

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. अप्पा चोरीची व्याख्या खाटेच्या चार खुरांनी शिकले होते आणि जवानांनाही तशीच शिकवत. माल दुसऱ्याच्या कब्जातला हवा. तो जागचा हलवलेला हवा. कब्जेदाराची रजामंदी, म्हणजे संमती, नसावी. आणि नेणाऱ्याची बदनियत, म्हणजे लबाडीचा हेतू, हवा. एक खूर नसला तरी खाट उभी राहत नाही. थोरल्या, तुझा मेन्स रिया तो चौथा खूर. शब्दशः दोषी मन. आणि बोना फाइड त्याच्या उलट, म्हणजे शुद्ध भावाने केलेले.

बैल हलवला होता, हा एक खूर पक्का. उरलेल्या तिन्ही खुरांचे भवितव्य एकाच प्रश्नावर अवलंबून होते. सावड चालू होती की पोळ्याला फुटली होती? चालू असेल, तर पाळीच्या दिवशी कब्जा बाईचाच, संमती पाडव्यालाच दिलेली, आणि हेतू पेरणीचा. फुटली असेल, तर मात्र ती चोर. बाई एक सांगत होती, शेजारी दुसरे, आणि गाव मुके.

त्या दुपारी अप्पा ठाण्याच्या ओसरीत येरझाऱ्या घालत होते. बाईचे बोलणे खरे वाटत होते, पण अमीनाला वाटून भागत नाही. त्यांनी पंचनामा पुन्हा वाचून घेतला, आणि मारुतीमागच्या त्या नव्या गोठ्यापाशी थांबले. मग जमादाराला म्हणाले, बैल घेऊन गावाकडे चला. संध्याकाळची गुरे घरी येतात त्या वेळेला पोहोचायचे.

गावच्या वेशीत पंच जमले. अप्पांनी शेजाऱ्याला सर्वांसमक्ष पुन्हा विचारले. पोळ्यानंतर बैल वैनीच्या गोठ्यात एकदाही गेला नाही? एकदाही न्हाई, तो म्हणाला. नव्या गोठ्यात? त्याचं तोंडबी बगितलं न्हाई त्यानं. अप्पांनी ते लिहून त्याचा अंगठा घेतला. तांबड्याला आधीच नव्या गोठ्यातून सोडवून चावडीवर बांधून ठेवले होते, म्हणजे जोडीदाराच्या ओढीने बैल तिकडे गेला असे कुणाला म्हणता येऊ नये. बाईला जमादाराबरोबर वेशीबाहेर उभे केले. तोंडाने नाही, हाताने नाही, कुणी खूण करायची नाही अशी ताकीद दिली. मग त्यांनी जवानाला कासरा सोडायला सांगितले.

शेजारी निर्धास्त होता. बैल आपल्या दारात जाणार यात त्याला शंका नव्हती. त्याच दारात तो वाढलेला. बैल निघाला, घुंगरमाळ वाजवत, सावकाश. शेजाऱ्याच्या दारापाशी आला, थांबला, आत पाहिले. शेजाऱ्याने जिभेने टकटक करून बोलावले. बैलाने कान हलवला आणि चालू लागला. बाईच्या घरापाशी जुन्या गोठ्याच्या ढिगाऱ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मारुतीला वळसा घातला आणि थेट नव्या गोठ्याच्या दारात.

त्या गोठ्याचे दार ठेंगणे होते. लाकूड पुरले नाही म्हणून बाईने चौकट बुटकी केली होती. अनोळखी बैल अशा दारात शिंगे आपटतो किंवा अडून उभा राहतो. पांढऱ्याने दारापाशी मान खाली घातली, एक शिंग आधी, मग दुसरे, असा तिरका होऊन आत गेला, आणि दावणीच्या उजव्या अंगाला, आपल्या जागेवर, उभा राहिला. डावी जागा त्याने तांबड्यासाठी मोकळी ठेवली होती.

पंच दाराशी वाकून आत पाहू लागले. वेशीबाहेरून आलेला जमादार म्हणाला, "मुद्दई का गवाह भी यही, मुलजिमा का गवाह भी यही. अब किसको जिरह करें, साहेब?" मुद्दई म्हणजे फिर्यादी, आणि साक्षीदाराच्या उलटतपासणीला जिरह म्हणतात. पाटीलसुद्धा हसला.

शेजारी मारुतीच्या पारावर खाली बसला. त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "पाळ्या चालू व्हत्या साहेब. परवापस्तोर."

बदनियत होती खरी, पण ती बाईची नव्हती. अप्पांनी चालानाऐवजी अहवाल लिहिला, गुन्हा घडलेला नाही, आणि दोघांना घेऊन तहसिलीला गेले. तहसीलदार हैदराबादचे. उर्दू फार गोड, मराठी कामापुरती. अहवालात त्यांना एक शब्द अडला.

"अमीनसाहेब, ये सावड क्या चीज़ है? शिराकत?"

धाकटे, आता तुझे शब्द आले. शिराकत म्हणजे भागीदारी, तुझी पार्टनरशिप. अप्पा म्हणाले, नाही हुजूर. शिराकतीत माल दोघांचा होतो, इथे बैल एकाचाच राहतो. मग किराया, म्हणजे भाड्याने दिलेला? भाडे कुणी घेत नाही. आरियत, म्हणजे वापरायला फुकट उसना? उसना म्हणावा, तर तोच माणूस त्याच दिवशी दुसऱ्याचा बैल उसना घेऊन बसलेला असतो. मग मुबादला, अदलाबदल? बदलही होत नाही. पाळी संपली की बैल परत जातो. तहसीलदारांनी चष्मा काढून ठेवला. ज्याची व्याख्या नाही त्यावर निकाल कसा लिहू, म्हणाले, आणि त्या दोघांनाच पुढे बोलावले.

बैल कुणाचा, असे त्यांनी विचारले. माझा, शेजारी म्हणाला.

"त्याचाच हाय," बाई म्हणाली. "कोन न्हाई म्हनतंय?"

"तो फिर जोडी किसकी?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आधी बाई बोलली, "बैल ज्याचा त्याचा सायेब. जोडी मातर दोगांची."

"वैरन ज्याच्या दारात त्याची," शेजाऱ्याने भर घातली.

"आन पाळीत बैल दुखावला तर?" बाईने त्याला टोकले. "त्ये सांग की. का त्येबी पोळ्याला फुटलं?"

"ज्याची पाळी त्यानं दवापानी करायचं," तो मान खाली घालून म्हणाला.

तहसीलदारांनी शेवटचे विचारले, "और जोडी तोडनी हो तो?"

"पाडव्याला," शेजारी चटकन म्हणाला. "मधी न्हाई तोडता येत."

बोलून गेल्यावर त्याला कळले आपण काय म्हणालो ते. कचेरीतला कारकूनही लिहायचा थांबला. बाईने तोंडाला पदर लावला.

अप्पांनी ते सगळे उर्दूत उतरवले आणि वर 'सावड' हा शब्द जसाच्या तसा उर्दू अक्षरांत लिहिला. राहिला प्रश्न खोट्या फिर्यादीचा. त्यासाठी शेजाऱ्यावर गुन्हा लावता येत होता, आणि तहसीलदार त्या विचारात होते. तेव्हा बाई न विचारता पुढे झाली. "त्याला कोंडलं तर पांढरा कोन धरनार, सायेब? त्यो माझ्या हाताला औतात धड चालत न्हाई. मला त्ये दोगंबी पायजेत." तहसीलदारांनी शेजाऱ्याकडून मुचलका घेतला, म्हणजे सरकारला लेखी हमी, पाडव्यापर्यंत बैल गावाबाहेर जाणार नाही. परळीकडच्या गिऱ्हाइकाला पाडव्यानंतर यायचा निरोप गेला. दोघे एकाच बैलगाडीतून गावी परतले. गाडी पाटलाची होती आणि वाटभर बाईच बोलत होती, असे जमादार सांगे.

अप्पा म्हणत, या गुन्ह्याने मला पोलिसाचे काम शिकवले. तोवर मी कायद्यातले शब्द पाठ केलेले होते. माणसाच्या नावापुढे शब्द लिहिण्याआधी त्याचा एकेक खूर हलवून पाहायचा, हे त्या घुंगरमाळेने शिकवले. आणि शब्द अपुरा पडला तर नवा शोधत बसू नये. तो व्यवहार जे रोज करतात त्यांनाच समोरासमोर उभे करून बोलू द्यावे.

पण त्यांची गोष्ट इथे संपत नसे. काही दिवसांनी ते गस्तीवर त्या माळावरून जात होते. पेरण्या चालू होत्या. लांबून घुंगरमाळ ऐकू आली म्हणून त्यांनी घोडा वळवला. पांढरा आणि तांबडा एका जुवाखाली, तो शेजारी पेरणीची पाभर धरून, आणि बाई मागून तिच्या चाड्यात, म्हणजे बी टाकायच्या वाटीत, ज्वारी सोडत चाललेली.

अप्पांनी बांधावरून विचारले, "आज पाळी कुणाची?"

"वैनीची," शेजारी म्हणाला. "पर रान माझं हाय."

अप्पांना उलगडा होईना. त्यांनी बाईकडे पाहिले. तिने मुठीतली ज्वारी आधी सोडून संपवली, मग म्हणाली, "त्याची वल उडाया लागलीती साहेब. माझं रान खोलगट हाय, दोन दिस दम धरतंय. म्हनलं घे, माझी पाळी तू घे."

इथपर्यंत आले की अप्पा दर वेळी हसत. तहसिलीतल्या कागदावर सावडीची व्याख्या मीच लिहिली, ते म्हणत, आणि ती एका ओळीने अपुरी राहिली. तोवर मिसल, म्हणजे खटल्याच्या कागदांची फाइल, बंद होऊन वर गेली होती.

ती ओळ मी इथे लिहून ठेवते. दुसऱ्याचे रान वाळत असेल तर आपली पाळी त्याला द्यावी. धाकटे, तुझ्या व्यापारशास्त्रात हे कोणत्या शब्दाखाली येते ते मला कळव. तुमच्या शब्दांच्या यादीत मी त्याची जागा रिकामी ठेवली आहे.